ख्रिस्ती धर्मसंस्था व बालकांची वैद्यकीय शुश्रूषा, महाराष्ट्रातील

ख्रिस्ती धर्मश्रद्धेच्या प्रेरणेने दरिद्री, निराश्रित व उपेक्षित समाजांतील बालकांसाठी करण्यात आलेले रुग्णसेवेचे व आरोग्यरक्षणाचे कार्य. महाराष्ट्रात या कार्याचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला. त्याची स्थूलमानाने तीन रूपे आढळतात : अनाथाश्रम, रुग्णालय व ग्रामीण आरोग्य प्रकल्प. ही रूपे कालक्रमाने एकामागून एक आली. तथापि नवे रूप आल्यावर जुने नाहीसे झाले असे नाही. प्रत्येक रूपाबरोबर सेवा व धर्मप्रसार यांच्या परस्परसंबंधाचा प्रश्न उपस्थित झाला आणि त्याचे उत्तरही प्रत्येक वेळी वेगळे देण्यात आले. त्यामुळे या कार्याचा इतिहास हा केवळ संस्थांचा इतिहास नसून एका वादाचाही इतिहास आहे.

धार्मिक प्रेरणा : येशू ख्रिस्ताने लहान मुलांना जवळ केल्याचे, त्याचप्रमाणे याईराच्या मरणोन्मुख मुलीला जीवदान दिल्याचे प्रसंग शुभवर्तमानांत वर्णिलेले आहेत. भुकेलेल्याला अन्न देणे व रुग्णाची विचारपूस करणे ही प्रत्यक्ष ख्रिस्ताचीच सेवा होय, अशी शिकवण मत्तयकृत शुभवर्तमानात आहे. नवजात अर्भके उघड्यावर टाकून देण्याच्या रोमन समाजातील प्रथेला आद्य ख्रिस्ती मंडळींनी विरोध केला. चौथ्या शतकात संत बेझिल याने सीझरिया येथे रुग्ण व निराधार यांच्यासाठी मोठे आश्रयस्थान उभारले. फ्लॉरेन्स येथील टाकलेल्या मुलांचे आश्रयगृह १४४५ मध्ये सुरू झाले. पोर्तुगीज अमदानीत सोळाव्या शतकात गोव्यामध्ये रुग्णालय व ‘मिझेरिकॉर्दिया’ ही परोपकारी संस्था स्थापन झाली.

प्रॉटेस्टंट मिशनांनी मात्र आरंभी वैद्यकीय सेवेला दुय्यम स्थान दिले. प्रवचन, बायबलचे भाषांतर व शाळा ही त्यांच्या कार्याची प्रमुख अंगे होती. १८१९ मध्ये सिलोनला आलेले व पुढे मद्रास इलाख्यात गेलेले डॉ. जॉन स्कडर हे अमेरिकेचे पहिले वैद्यकीय मिशनरी मानले जातात. १८४१ मध्ये एडिंबरो येथे वैद्यकीय मिशनकार्यास वाहिलेली संस्था स्थापन झाली. १८७० मध्ये डॉ. क्लॅरा स्वेन बरेलीस आल्या व तेथून स्त्री-डॉक्टरांच्या कार्याला भारतात चालना मिळाली. ही घटना बालकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची होय. पुरुष डॉक्टरांना घराच्या आतील भागात प्रवेश नसे. त्यामुळे बाळंतीण व तान्हे मूल ही दोघेही नव्या वैद्यकाच्या कक्षेबाहेर राहत.

नासिक व त्र्यंबकेश्वर परिसर : गोदावरीचे उगमस्थान असलेले त्र्यंबकेश्वर व त्याखालचे नासिक ही हिंदूंची श्रेष्ठ तीर्थक्षेत्रे. येथील सिंहस्थ पर्वणीस व वार्षिक यात्रांस मोठा समुदाय जमत असल्याने धर्मप्रसारकांचे लक्ष या क्षेत्रांकडे वेधले जाणे स्वाभाविक होते. इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीने १८३२ मध्ये नासिक येथे ठाणे स्थापन केले. चार्ल्स फॅरर हे तेथील आरंभीच्या मिशनऱ्यांपैकी होत. क्षेत्रस्थ ब्राह्मणवर्गात या प्रचारास फारसे यश आले नाही. मिशनकडे आले ते मुख्यतः ज्यांना अन्यत्र आसरा नव्हता असे लोक, आणि त्यांत मुलांची संख्या मोठी होती.

१८५५ च्या सुमारास विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नासिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसविली. नावाप्रमाणेच ती शरणार्थींची वस्ती होती. तेथे अनाथाश्रम, शाळा व सुतारकाम, लोहारकाम इत्यादींच्या कार्यशाळा होत्या. ब्रिटिश आरमाराने हिंदी महासागरातील गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकी मुलेही १८६० नंतर येथे पाठविण्यात येऊ लागली. या ‘नासिकच्या मुलां’पैकी काहींनी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या प्रवासांत भाग घेतला. त्यांतील जेकब वेनराइट हा लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवाबरोबर इंग्लंडला गेला व १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबी येथील अंत्यविधीस उपस्थित होता. पुढे प्राइस यांनी पूर्व आफ्रिकेत मोंबासाजवळ मुक्त गुलामांची वसाहत उभारली व शरणपुरातील आफ्रिकी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण तिकडे गेले. माय, मुलूख व भाषा यांना पारखी झालेली मुले गोदावरीकाठी अन्न, औषध व कसब मिळवून मोठी झाली, हे शरणपूरचे वैशिष्ट्य होय. मात्र त्यांचा धर्म कोणता असावा हा निर्णय त्यांच्या वतीने इतरांनीच घेतला होता, हेही तितकेच खरे.

याच परिसराशी लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचा संबंध येतो. त्यांचा जन्म नासिकजवळील जलालपूर या गावी झाला. वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याचे चित्रण त्यांनी स्मृतिचित्रे (१९३४–३७) या आत्मचरित्रात केले आहे. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा त्यानंतर पाच वर्षांनी झाला. सोवळ्याच्या संस्कारांतून बाहेर पडून त्यांनी अनाथ मुलांना घरात वाढविले व अहमदनगर येथे प्लेगच्या छावणीत राहून शाळेतील मुलींची शुश्रूषा केली. स्पर्शास्पर्शाच्या कल्पना दृढ असलेल्या समाजात आजारी परक्या मुलाला हात लावणे हीच शुश्रूषेची पहिली पायरी होती. त्या पायरीपर्यंत पोचण्यास एका व्यक्तीला किती अंतर तोडावे लागे, याचा प्रत्यय या आत्मचरित्रातून येतो. लक्ष्मीबाईंचे निधन नासिक येथे झाले.

दुष्काळ, साथी व अनाथाश्रम : १८७६–७८, १८९६–९७ व १८९९–१९०० या दुष्काळांनी महाराष्ट्रातील मिशनकार्याचे स्वरूप पालटले. त्यातच १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा प्रादुर्भाव झाला. आईबाप मृत्यू पावल्याने किंवा पोसण्यास असमर्थ ठरल्याने हजारो मुले वाऱ्यावर पडली. अहमदनगर, सोलापूर, सातारा इ. जिल्ह्यांत कार्य करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनने (मुंबईत स्थापना १८१३) अनाथ मुलांची मोठ्या संख्येने सोय केली.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे कार्य या काळातील सर्वांत लक्षणीय होय. स्वतः त्यांचे आईवडील १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात अन्नान्न करून मृत्यू पावले होते. १८९७ मध्ये मध्य प्रांतातील दुष्काळग्रस्त भागांत हिंडून त्यांनी सुमारे तीनशे मुली व तरुण विधवा यांची सुटका केली व पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांच्यासाठी मुक्तिसदन उभारले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील रहिवाशांची संख्या सुमारे दोन हजारांवर गेली.

अनाथाश्रमांपुढील वैद्यकीय समस्या बिकट होती. दुष्काळातून आलेले मूल केवळ उपाशी नसे. अतिसार, गोवर, नेत्रविकार, खरूज व फुप्फुसाचे विकार यांनी ते आधीच जर्जर झालेले असे. आतड्यांची पचनशक्ती खालावल्याने एकदम दिलेले पोटभर अन्नही त्याला घातक ठरे. शिवाय अशी शेकडो मुले एका छपराखाली आणल्यामुळे संसर्गजन्य रोग झपाट्याने पसरत. सुटका झालेल्या मुलांपैकी अनेक जण आश्रमात आल्यावर थोड्याच दिवसांत दगावत. अनाथाश्रमाने मुलाला रस्त्यावरील मरणापासून वाचविले, तरी आजाराच्या मुळाशी असलेल्या दारिद्र्यापर्यंत पोचण्याचे साधन त्याच्याजवळ नव्हते.

मिशन रुग्णालये : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वैद्यकीय सेवा हे मिशनकार्याचे स्वतंत्र अंग बनले. डॉ. विल्यम वॉन्लेस (१८६५–१९३३) हे १८८९ मध्ये भारतात आले व त्यांनी मिरज येथे संस्थानिकांच्या साहाय्याने १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले. १८९७ मध्ये तेथे वैद्यकीय शिक्षणाची सोय करण्यात आली आणि १९२० मध्ये नजीकच वॉन्लेसवाडी येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम स्थापन झाले. मोतीबिंदू, मुतखडा इ. शस्त्रक्रियांसाठी मिरजेची कीर्ती दूरवर पसरली. अहमदनगर येथे डॉ. ज्यूलिया बिसेल यांनी स्त्रिया व मुले यांच्यासाठी रुग्णालय उभारले. पुढे ते मुक्तिफौजेकडे आले व ईव्हँजेलिन बूथ हॉस्पिटल या नावाने प्रसिद्ध झाले. वाई, जालना, वडाळा, कोल्हापूर, वेंगुर्ले, नागपूर इ. ठिकाणीही मिशन रुग्णालये कार्य करू लागली.

या रुग्णालयांचे बालकांच्या दृष्टीने तीन लाभ झाले. पहिला, सुरक्षित प्रसूती. नाळ कापण्यासाठी अस्वच्छ विळा वापरण्याच्या व नाळेवर राख किंवा शेण लावण्याच्या प्रथेमुळे नवजात अर्भके धनुर्वाताने मरत. निर्जंतुक साधनांच्या वापराने हे मृत्यू टाळता आले. दुसरा, परिचारिकांचे प्रशिक्षण. परिचर्या हा व्यवसाय हीन मानला जात असताना ख्रिस्ती मुलींनी तो स्वीकारला. अनाथाश्रमात वाढलेल्यांपैकीही काही जणी या व्यवसायात शिरल्या. अशा रीतीने काल ज्यांची शुश्रूषा झाली त्याच आज शुश्रूषा करणाऱ्या झाल्या. तिसरा, आईला आरोग्यशिक्षण. कामावर जाताना मूल शांत झोपावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी देण्याची चाल पश्चिम भारतात रूढ होती. तिचे दुष्परिणाम समजावून देणे, दूध व पाणी उकळण्यास शिकविणे व देवी टोचून घेण्यास प्रवृत्त करणे यांसारखी कामे दवाखान्याच्या ओसरीवर होत असत.

या कार्यात मिशने एकटी नव्हती. भारतातील देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली, ती सरकारी वैद्यकीय खात्याच्या प्रयत्नांतून. मुंबईचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय (१९२९) हे पारशी दातृत्वाचे फळ होय. मिशन रुग्णालयांचे वेगळेपण असे, की त्यांतील बरीच लहान गावी व तालुक्याच्या ठिकाणी उभी राहिली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या रुग्णांना त्यांची दारे उघडी होती.

कुष्ठरोग्यांची मुले : वेल्झली बेली यांनी १८७४ मध्ये स्थापन केलेल्या कुष्ठसेवा मिशनने महाराष्ट्रातही कार्य केले, अमरावती जिल्ह्यातील कोठारा येथील रुग्णालय प्रसिद्ध आहे. कुष्ठरोग्यांच्या निरोगी मुलांना आईवडिलांपासून दूर वसतिगृहात ठेवण्याची पद्धत या मिशनने अवलंबिली होती. रोगाचा संसर्ग टाळणे हा तिचा हेतू होता व प्रभावी औषधाच्या अभावी तिला पर्यायही नव्हता. तथापि तीत आई व मूल यांची ताटातूट होई. १९४० नंतर सल्फोन वर्गातील औषधे व १९८० नंतर बहुविध औषधोपचार उपलब्ध झाल्यावर अशा विभक्तीकरणाचे कारण उरले नाही. करुणेतून योजलेला उपायही क्लेशदायक ठरू शकतो व त्यातून सुटका अखेर विज्ञानाच्या प्रगतीने होते, याचे हे उदाहरण होय.

धर्मांतराचा प्रश्न : रुग्ण, बुभुक्षित व अज्ञान बालक यांच्या असहायतेचा धर्मप्रसारासाठी उपयोग करणे न्याय्य आहे काय, हा प्रश्न महाराष्ट्रात वारंवार उपस्थित झाला. रमाबाईंच्या शारदासदनातील (स्थापना १८८९) मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत, असा आक्षेप केसरीने घेतला व १८९३ मध्ये न्या. म. गो. रानडे, रा. गो. भांडारकर प्रभृतींनी संस्थेच्या सल्लागार मंडळाशी असलेला संबंध सोडला. महात्मा गांधींनी मिशनऱ्यांच्या सेवाभावाची प्रशंसा केली. परंतु रुग्णसेवेच्या मोबदल्यात धर्मांतराची अपेक्षा धरणे त्यांना अमान्य होते. तत्कालीन मध्य प्रदेश शासनाने १९५४ मध्ये न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. शाळा, रुग्णालये व अनाथाश्रम यांचा धर्मांतरासाठी वापर होतो, असा निष्कर्ष या समितीने १९५६ च्या अहवालात काढला. ख्रिस्ती संस्थांनी तो एकांगी म्हणून नाकारला.

या वादात दोन्ही बाजूंना काही तथ्य आहे. दुष्काळात आश्रमात आलेल्या अजाण मुलाला स्वतःच्या धर्माविषयी संमती देता येत नव्हती, हा आक्षेप निरुत्तर करणारा आहे. उलटपक्षी, त्या मुलाला आश्रमात आणले नसते तर त्याच्यासाठी दुसरे दार बहुधा उघडे नव्हते, हेही नाकारता येत नाही. टीकेचा एक विधायक परिणाम असा झाला, की हिंदू समाजातही अनाथाश्रम, सेवासदने व रुग्णालये उभारण्याच्या प्रयत्नांना वेग आला. खुद्द ख्रिस्ती विचारवंतांतही सेवा हे धर्मप्रसाराचे साधन नसून ती स्वयंपूर्ण धर्मकृती आहे, हा विचार क्रमाने बळावला.

ग्रामीण आरोग्य प्रकल्प : स्वातंत्र्योत्तर काळात विदेशी मिशनरी व निधी यांचा ओघ आटला आणि रुग्णालयांचा खर्च वाढला. जागतिक चर्च परिषदेच्या विद्यमाने ट्यूबिंगेन येथे १९६४ व १९६७ मध्ये भरलेल्या विचारसभांत रोगनिवारणाचा व मंडळीच्या कर्तव्याचा पुनर्विचार झाला. १९६८ मध्ये परिषदेने ख्रिस्ती वैद्यकीय आयोग स्थापन केला. मिशनांची बहुतेक साधने रुग्णालयांत गुंतलेली असून रुग्णालयांच्या भोवतीच्या खेड्यांत मात्र टाळता येण्याजोग्या रोगांनी मुले मरत आहेत, याकडे या आयोगाने लक्ष वेधले.

या विचाराचा सर्वांत यशस्वी प्रयोग महाराष्ट्रात झाला. डॉ. रजनीकांत आरोळे (१९३४–२०११) व डॉ. मेबल आरोळे (१९३५–१९९९) हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर होते. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करीत असताना त्यांना असे आढळले, की बरे करून घरी पाठविलेले मूल त्याच आजाराने पुन्हा परत येते. अमेरिकेतील उच्च शिक्षणानंतर १९७० मध्ये त्यांनी त्याच जिल्ह्यातील जामखेड या अवर्षणग्रस्त तालुक्यात समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

आरंभी खेड्यांत प्रशिक्षित परिचारिका पाठविण्यात आल्या. पण गावकऱ्यांच्या दृष्टीने त्या परक्याच राहिल्या. तेव्हा गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी व तिला प्रशिक्षण द्यावे, असे ठरले. अशा आरोग्यसेविकांपैकी अनेक जणी निरक्षर, दलित वा परित्यक्ता होत्या. दर आठवड्याला जामखेडला जमून त्या एकेक विषय शिकत, एकत्र जेवत व एकत्र मुक्काम करीत. त्यामुळे जातिभेदाचे बंधही सैल झाले. मुलांचे नियमित वजन करणे, जुलाब होताच मीठ-साखरेचे पाणी देणे, लसीकरणासाठी आयांना गोळा करणे, गरोदर स्त्रियांची तपासणी व सुरक्षित बाळंतपण करणे ही त्यांची प्रमुख कामे होती. १९७२–७३ च्या दुष्काळात बालकांसाठी अन्नछत्रे चालविण्यात आली. पिण्याच्या पाण्याचे हातपंप शक्य तेथे दलितवस्तीत बसविण्यात आले. त्यामुळे इतर जातींच्या स्त्रियाही पाण्यासाठी तेथे येऊ लागल्या.

प्रकल्पाच्या आकडेवारीनुसार या खेड्यांतील अर्भकमृत्यूचे प्रमाण १९७१ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ होते. ते १९७६ पर्यंत ५२ वर आले. ही घट मोठ्या रुग्णालयामुळे किंवा महागड्या औषधांमुळे झालेली नव्हती. स्वच्छ पाणी, पुरेसे अन्न, लसीकरण व शेजारीण असलेली जाणती स्त्री ही तिची कारणे होत. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लोकाधारित आरोग्यसेवांवरील ग्रंथात जामखेडच्या प्रयोगाचा समावेश केला. १९७८ च्या आल्मा-आता परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचे जे तत्त्व स्वीकारले, त्याला आधारभूत ठरलेल्या प्रयोगांत जामखेडची गणना होते. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये रामॉन मॅगसायसाय पुरस्कार मिळाला व डॉ. रजनीकांत यांना १९९० मध्ये पद्मभूषण हा किताब देण्यात आला. दोघेही श्रद्धावान ख्रिस्ती होते. परंतु धर्मांतर हे प्रकल्पाचे उद्दिष्ट नव्हते.

मूल्यमापन : शरणपूर ते जामखेड या वाटचालीत बालकाकडे पाहण्याची दृष्टी बदलत गेली. अनाथाश्रमाने मुलाला त्याच्या समाजातून उचलून आपल्याकडे आणले. रुग्णालयाने त्याला बरे करून समाजात परत पाठविले. ग्रामीण प्रकल्पाने समाजालाच आपल्या मुलांचे रक्षण करण्यास समर्थ केले. या क्रमात धर्मप्रसाराचा हेतू मागे पडला व सेवेमागील श्रद्धेचे स्वरूप अधिक अंतर्मुख झाले. गावातीलच स्त्रीने गावाचे आरोग्य राखावे हे तत्त्व पुढे कोणत्याही एका धर्माचे राहिले नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी घरोघरच्या नवजात बालसेवेचा प्रयोग स्वतंत्रपणे यशस्वी केला आणि २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ स्वयंसेविकांच्या रूपाने हे तत्त्व देशव्यापी झाले.

तरीही प्रश्न संपलेला नाही. त्र्यंबकेश्वराच्या पश्चिमेस सह्याद्री उतरून गेले, की जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ मुलूख लागतो. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे झालेल्या आदिवासी बालकांच्या मृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. मृत्यूंची कारणे नवी नव्हती : कुपोषण, गोवर, अतिसार व न्यूमोनिया. शंभर वर्षांपूर्वीच्या अनाथाश्रमांतील मुले याच व्याधींनी दगावत होती. महादेव कोळी, वारली, ठाकर, कातकरी आदी जमातींच्या या पट्ट्यात पावसाळ्यात कामाची व अन्नाची टंचाई आणि पावसाळ्यानंतर मजुरीसाठी स्थलांतर हे चक्र चालत आले आहे. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाचे मूल अंगणवाडी व लसीकरण या दोहोंच्या नोंदींतून निसटते. ख्रिस्ती मिशनांच्या दीडशे वर्षांच्या अनुभवाचा निष्कर्ष येथे उपयोगी पडण्यासारखा आहे. मूल दवाखान्यात येईपर्यंत वाट पाहणारी सेवा, मग ती धर्मसंस्थेची असो वा शासनाची, सर्वांत गरीब मुलापर्यंत उशिराच पोचते.